साधा जुना कॅमेरा, एक लेन्स आणि पहिले तीन महिने

दिवाळीचा बोनस झाला की मला हमखास दोनचार फोन येतात, "दादा, फोटोग्राफी शिकायचीय, कुठला कॅमेरा घेऊ?" आणि प्रत्येकाला मी तेच तेच सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी साताऱ्याकडचा, गेली सात वर्षं फोटो काढतोय, त्यातली पहिली चार एका जुन्या कॅनन १३००डी वर काढली. हा कॅमेरा २०१६ साली आला, १८ मेगापिक्सेलचा, आता कोणी त्याच्याबद्दल बोलत पण नाही. पण शिकायला एवढा बास आहे, खरंच बास आहे. खाली उदाहरणं त्याचीच देतोय कारण बटणं मला पाठ आहेत, तुमच्याकडे निकॉनचा डी३४०० किंवा डी३५०० असला तरी गोष्ट तीच, फक्त बटणाची जागा वेगळी.

एक अट मात्र आधीच सांगतो, पहिले तीन महिने दुसरं काहीही विकत घ्यायचं नाही. ना लेन्स, ना ट्रायपॉड, ना फिल्टर. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स, तिलाच किट लेन्स म्हणतात, एक ३२ जीबीचं कार्ड, एक जास्तीची बॅटरी, झालं.

आधी कॅमेरा बघून घेणे

जुना घेताय तर दिवसा उजेडी घ्या आणि समोर बसून घ्या. फोटो बघून कुरियरने मागवू नका. मी माझा १४ हजारांना घेतला होता लेन्ससकट, दर गावागणिक बदलतो त्यामुळं आकड्यात अडकू नका, पण तपासणीत कंजुषी नको.

लेन्स कॅमेऱ्यातून काढा आणि मोबाईलचा टॉर्च मागून मारून पुढून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, फंगस म्हणतात ती. अशी लेन्स घेऊच नका. धुळीचे दोनचार कण असतातच, त्यानं काही होत नाही, पण बुरशी काचेवरचं कोटिंग खाते आणि साफ करायला गेलात तर खर्च लेन्सच्या किमतीएवढा. मग लेन्स परत लावा, एफ १६ वर (म्हणजे लेन्सचं भोक लहान करून, हे पुढं येतंच) ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून बघा, काळपट ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ही साफ होते, पण भाव कमी करायला कारण मिळतं. झूमची रिंग पूर्ण फिरवा, अडकते का बघा. ऑटोफोकस जवळचं लांबचं दोन्ही करतो का बघा. बॅटरी फुगलीय का बघा.

शटर, म्हणजे फोटो घेताना उघडमीट होणारा आतला पडदा, किती वेळा पडलंय हे निकॉनमध्ये फोटोच्या फाईलच्या माहितीतच लिहिलेलं असतं, कॅननच्या या मॉडेलात ते फाईलमधून मिळत नाही, कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरनं बघावं लागतं. विकणाऱ्याला विचारा, दाखवतो म्हणाला तर चांगलंच. लग्नाच्या ऑर्डरी केलेला कॅमेरा शक्यतो टाळा, घरात कपाटात पडून राहिलेला बरा, फक्त मग बुरशी दोनदा तपासा कारण कपाटातच ती धरते.

निकॉनवाल्यांसाठी एक गोष्ट, डी३००० मालिकेतल्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. म्हणून पुढं कधी स्वस्तात जुनी ५० एमएमची "डी" लेन्स मिळाली म्हणून उचलाल आणि ऑटोफोकसच होणार नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या.

घरी आणल्यावर पहिल्या तासाभरात

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. तारीख वेळ बरोबर लावा, हे लोक करत नाहीत आणि वर्षभरानं फोटो शोधताना रडतात. फोटोची क्वालिटी रॉ अधिक जेपेग ठेवा, जेपेग म्हणजे नेहमीचा तयार फोटो आणि रॉ म्हणजे त्याची कच्ची फाईल. आत्ता रॉ चं तुम्हाला काही करायचं नाही, पण सहा महिन्यांनी शिकल्यावर ह्याच फाईली परत उघडून बघाल तेव्हा हातात काहीतरी असलं पाहिजे. एक रॉ फाईल २०-२५ एमबीची होते, त्यामुळं कार्ड भरतं, मग रिकामं करा.

व्ह्यूफाइंडरच्या उजव्या बाजूला एक बारीक चाक असतं, चष्म्याच्या नंबराप्रमाणं ते फिरवायचं, आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत. माझ्या ओळखीच्या एका काकांनी वर्षभर कॅमेराच खराब आहे म्हणून दुकानात दोनदा नेला, तर हे चाक हललं होतं एवढंच. आणि फोटो काढताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच काढा, मागच्या स्क्रीनवर बघून नको, कारण ह्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर फोकस फार हळू होतो, शिवाय हात लांब गेला की हलतो. कोपर अंगाला लावायचे, डावा हात लेन्सच्या खालून, श्वास सोडता सोडता बटण.

पहिलं शिकायचं ते शटर

बहुतेक ठिकाणी शिकवताना तीन गोष्टींचा त्रिकोण काढून दाखवतात, शटर म्हणजे पडदा किती वेळ उघडा, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक केवढं, आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो, आणि नवीन माणूस तिथंच गोंधळतो. माझं मत स्पष्ट आहे, पहिले पंधरा दिवस फक्त शटर. कारण नव्या माणसाचे फोटो वाया जातात ते फार काळे किंवा फार पांढरे झाल्यामुळं नाही, हलल्यामुळं जातात. उजेड थोडा कमीजास्त झालेला फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरनं धड होत नाही.

हे मी बावधनच्या बगाडात शिकलो. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाड असतं, ते लाकडाचं प्रचंड धूड, पुढं बैलांच्या जोड्या, माणसांचा समुद्र. मी कॅमेरा ऑटो मोडवर ठेवून दिवसभर तीनशेच्या वर फोटो काढले, बगाड गावात शिरलं तेव्हा संध्याकाळ झालेली आणि खरा जोर तिथंच होता, बैलांचे डोळे, ओढणाऱ्यांचे चेहरे, उधळलेला गुलाल. घरी येऊन बघतो तर संध्याकाळचा एकही फोटो धड नाही. माहिती उघडून बघितली तर शटर १/४०, १/३०, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा, तिसावा भाग. कॅमेऱ्याला काय माहीत समोर बैल धावतोय का देव्हारा आहे, उजेड कमी झाला तसं त्यानं शटर हळू केलं. पुढच्या बगाडाला वर्षभर थांबावं लागलं.

तर करायचं काय, वरच्या डायलवर टीव्ही लिहिलेला मोड लावा, टीव्ही म्हणजे टाईम व्हॅल्यू. निकॉनमध्ये ह्यालाच एस म्हणतात. आयएसओ ऑटोवर ठेवा. आता एकच चाक फिरवायचं, शटरचं. दुपारी खिडकी उघडी ठेवून घरातल्या पंख्याखाली आडवे व्हा, पंखा फुल्ल, आणि त्याचे तीन फोटो काढा, १/१००० वर, १/६० वर आणि १/८ वर. पंखा मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला सहाच्या आसपास. १/१००० ला पातं थिजल्यासारखं उभं राहतं, १/६० ला कडा पुसट, १/८ ला पाऊण फेरा होतो त्यामुळं नुसती चकती दिसते. आयएसओ पार ६४०० पर्यंत चढेल आणि फोटो दाणेदार येईल, येऊदे. ट्यूबलाईटमध्ये हा प्रयोग करू नका, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात किंवा एक फोटो उजळ एक मळकट. हॉलमधल्या कार्यक्रमात तसं झालं की शटर १/१०० किंवा १/५० करायचं.

मग हे आकडे डोक्यात बसवा, मी मोबाईलच्या कव्हरमागं चिठ्ठी लावली होती. बसलेला माणूस १/१२५. चालणारा १/२५०. खेळणारी पोरं, पळणारा बैल १/५०० आणि वर. उडालेलं पाणी, पक्षी १/१०००. आणि काहीच हलत नसलं तरी तुमचा हात हलतो, त्यासाठी हिशोब असा की लेन्स जेवढ्या एमएमवर आहे (झूमच्या रिंगवरचा आकडा) त्याला १.६ नं गुणा आणि तेवढ्याच्या खाली शटर न्यायचं नाही. ५५ ला आला ८८, म्हणजे १/१०० धरा. १८ ला १/३० चालतं. लेन्सवर आयएस लिहिलं असेल, निकॉनला व्हीआर, तर लेन्स हात हलणं सावरते आणि ह्याच्या खाली दोनेक पायऱ्या, म्हणजे १/१०० च्या जागी १/२५, जाता येतं पण ते फक्त तुमच्या हाताच्या हलण्यापुरतं. समोरचं पोरगं पळालं तर आयएस काही त्याला धरून ठेवत नाही.

हलणं मुद्दाम वापरताही येतं. रस्त्याच्या कडेला उभे रहा, शटर १/३०, फोकस एआय सर्वो (हलत्या गोष्टीबरोबर फोकस सतत बदलत राहतो तो), आणि समोरून आडव्या जाणाऱ्या सायकलवाल्याबरोबर कॅमेरा फिरवत फिरवत बटण दाबा, दाबल्यावरही फिरवत रहा. सायकल स्वच्छ आणि मागची दुकानं रेघांसारखी. वीस फोटोत एक मिळेल. सकाळी शाळेच्या वेळी करा, सायकली संपत नाहीत.

मग अॅपर्चर, थोडक्यात

पंधरा दिवसांनी डायल एव्ही वर, निकॉनला ए. एफ चा आकडा लहान तितकं भोक मोठं आणि उजेड जास्त, हे उलटं आहे ते तसंच लक्षात ठेवायचं. किट लेन्स १८ वर असताना एफ ३.५ पर्यंत उघडते पण ५५ ला गेली की ५.६ च. म्हणजे अंधाऱ्या घरात झूम केलं तर उजेड अडीच पटीनं कमी झाला. म्हणून कमी उजेडात झूम करू नका, पायानं जवळ जा.

मागचं धूसर करायचंय हा तर सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. किट लेन्सवर पण होतं, नाही होत म्हणणाऱ्यांनी करून बघितलेलं नसतं. लेन्स ५५ ला, एफ ५.६, माणसाच्या जवळ जा आणि माणसाला मागच्या भिंतीपासून लांब आणा. माणूस भिंतीला टेकलेला असेल तर कितीही महाग लेन्स आणा, भिंत दिसणारच. मागं पंधरावीस फूट मोकळं मिळालं की काम होतं. फुलं किडे यांना तर ही लेन्स २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, कासला सप्टेंबरात गेलात तर वाटेवर उभं राहूनच भरपूर मिळेल. फुलांत पाय टाकायचा नाही, २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीतलं ठिकाण आहे हे सोडा, ती फुलं वर्षातून काही आठवडेच येतात.

कॅमेरा फसतो तिथं

ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि सांगितली असती तर दोन वाऱ्या वाचल्या असत्या. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या रंगाचं आहे. म्हणून वारीत पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा सदरा अशी दिंडी समोर आली की त्याला वाटतं फार उजेड झाला आणि तो फोटो दाबून टाकतो, पांढरं मळकं येतं. उलट म्हैस धुवायला नदीवर आणलीय, फ्रेमभर काळी म्हैस, तर तो उजेड वाढवतो आणि म्हैस राखाडी. उपाय साधा आहे, एव्ही अधिक-वजा असं लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि चाक फिरवायचं. पांढऱ्याला अधिक १, काळ्याला वजा १. फोटो बघा, कमीजास्त करा. काम झालं की शून्यावर आणा, नाहीतर दिवसभराचे फोटो बिघडतात.

फोकसचंही तसंच, नऊ ठिपके आहेत आणि कॅमेऱ्यावर सोडलं तर जे जवळ असेल ते धरतो, म्हणजे आजीऐवजी आजीच्या हातातली परडी. अंगठ्याजवळचं भिंगाचं चिन्ह असलेलं बटण दाबा, मग सेट दाबा, मधला ठिपका एकटा राहील. ह्या कॅमेऱ्यात मधलाच सगळ्यात पक्का आहे. तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, फ्रेम हवी तशी सरकवा, पूर्ण दाबा. सरकवताना पुढंमागं व्हायचं नाही.

उजेड, आणि तो घरातच आहे

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कॅमेरा स्वस्त असला की उजेड चांगला शोधावा लागतो आणि उजेड फुकट आहे.

आपल्याकडं मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो ह्याच दिवसांत. अशा दुपारी माणसाचा फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली काळोख, कपाळ चमकतंय. अशा वेळी उन्हात फोटो काढूच नका. सकाळी उजाडल्यापासून तासदीडतास आणि संध्याकाळी तेवढाच. डिसेंबरात वाईच्या घाटावर किंवा मेणवलीला सकाळी साडेसहाला पोचा, कृष्णेवर धुकं असतं, पायऱ्या ओल्या, कोणीतरी कपडे धुवायला येतं, ऊन घाटावर यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत सगळं मऊ उजेडात असतं. मी तिथं इतक्यांदा गेलोय की चहावाला ओळखतो.

पण रोज वाईला कोण जातंय, म्हणून हा धडा घरात करा. घराचा पुढचा दरवाजा सताड उघडा, घरातले दिवे बंद, आणि आजीला, आईला, जे कोणी असेल त्यांना उंबऱ्यापासून दोनतीन फूट आत बसवा, तोंड बाहेर. तुम्ही बाहेर ओसरीवर, दाराच्या जरा कडेला म्हणजे उजेड अडणार नाही. ऊन थेट आत येत नसावं. आता चेहऱ्यावर समोरून मऊ उजेड आणि मागं घरातला अंधार. एव्ही, ५.६, लेन्स ५० च्या आसपास, शटर १/१०० च्या खाली गेलं तर आयएसओ ८०० किंवा १६०० करा, ह्या कॅमेऱ्यात १६०० पर्यंत काही तक्रार करण्यासारखं नाही. मागं अंधार जास्त म्हणून कॅमेरा चेहरा फाजील उजळ करेल, वजा १ करा. मग माणसाला थोडं तिरकं बसवा, एका गालावर उजेड एका गालावर सावली, सुरकुत्या दिसायला लागतात. तांदूळ निवडायला द्या हातात, गप्पा मारा, कॅमेऱ्याकडं बघ म्हणू नका.

हे मी आमच्या आजीचे काढले होते, तेव्हा तिची नव्वदी जवळ आलेली. पाचसहा दिवस रोज दुपारी चारला. पहिल्या दिवशी ती पदर सावरून ताठ बसायची, चौथ्या दिवशी मी आहे हेच विसरली. त्यातला एक फोटो आज घरात भिंतीवर आहे आणि तो १८-५५ चाच आहे.

बाहेरच्या माणसांचे काढताना आधी विचारा, नुसतं कॅमेरा दाखवून मान हलवली तरी लोकांना कळतं. नको म्हणाले तर नको. दुसऱ्यांच्या लहान पोरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नेटवर टाकायचे नाहीत. देवळाच्या गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी मनाई असते, पाटी नसली तरी पुजाऱ्यांना विचारा.

तिसऱ्या महिन्यात एक व्यायाम

झूमची रिंग ३५ वर आणा आणि त्यावर कागदी टेप लावून टाका. महिनाभर काढायची नाही. ३५ ला साधारण आपण नुसत्या डोळ्यानं लक्ष देऊन बघतो तेवढंच येतं, आणि झूम नसल्यामुळं तुम्ही पुढं जाता, खाली बसता, बाकड्यावर चढता. एका जागेचे रोज दहाच फोटो, एसटी स्टँड घ्या, मंडई घ्या, घरासमोरचं पिंपळाचं झाड घ्या. दहा झाले की कॅमेरा पिशवीत.

ह्यानंतर पैसे साठले असतील तर ५० एमएम एफ १.८ घ्या, कॅननची एसटीएम २०१५ पासून मिळते, जुनी पण चालेल. ५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड घेते, म्हणजे रात्रीच्या दिव्यात, देव्हाऱ्यासमोर, सगळं बदलतं. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी मात्र ना ही पुरते ना किट लेन्स, तिथं लांबची लेन्सच लागते, त्यामुळं पक्षी हा छंद नंतरचा.

पावसाळा

जून लागला की कॅमेरा कपाटात आणि चामड्याच्या बॅगेत अजिबात ठेवू नका, बुरशी तिथंच येते, कोकणात आणि घाटमाथ्यावर तर महिन्यात. स्वयंपाकघरातला मोठा हवाबंद डबा घ्या, रबराची कड असलेला, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, वर कॅमेरा लेन्स. जमलं तर आर्द्रता दाखवणारा छोटा काटा टाका, ४० ते ५० टक्के बरोबर, फार कोरडंही नको. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून परत वापरता येतात. सिलिका जेलऐवजी तांदूळ टाकायचं सांगणारे भेटतील, त्याची पूड लेन्समध्ये जाते, नको. आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात ठेवून चार फोटो काढा, वापरात असलेल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा लागत नाही. एसीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत आलात तर काचेवर पाणी धरतं, तेव्हा बॅग बंदच ठेवून वीस मिनिटं थांबा.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटो उतरवा, दोन ठिकाणी ठेवा, मगच कार्ड फॉरमॅट. वाय-फायवरून मोबाईलवर पण येतात, तिथं स्नॅपसीड फुकट आहे. कॉम्प्युटर असेल तर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल कॅमेरावाल्यांना मोफत आहे, डार्कटेबल तर सगळ्यांनाच. उजेड, सावली, फोटो सरळ करणं आणि कातरणं, एवढंच करा, रंगांचा भडका नको. शंभरातले पाच ठेवा. व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान करतो.

आणि महिन्याला दहा फोटो प्रिंट काढून आणा. ४ बाय ६ चा कागद मागा, कॅमेऱ्याचा फोटो ३ ला २ ह्या मापाचा असतो त्यामुळं कडा कापल्या जात नाहीत, ५ बाय ७ ला कापतात. मोठा हवा असेल तर १२ बाय १८, तेही तेच माप. दुकानदाराला सांगा की मशीनचं ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर दारातल्या उजेडातला तुमचा तो अंधार मशीन परत करडा करून देतं. दोन प्रती काढा, एक ज्यांचा फोटो आहे त्यांना नेऊन द्या.